दगड नाही, तर होडी नाही

ओझाना कुणाला नाव विचारत नाही, देश विचारत नाही. आमच्या पेरास्त गावच्या धक्क्यावर, गावातल्या चर्चच्या पायऱ्या जिथे पाण्याला लागतात, तिथल्या लोखंडी कडीला तिची हिरवी होडी बांधलेली असते. कुणी समोर येऊन बेटाकडे बोट दाखवलं की ती आधी त्याच्या हातांकडे बघते. हात रिकामे दिसले की भुवया उंचावून म्हणते, "दगड?"

माणूस बुचकळ्यात पडतो. एकदा एक जाडजूड गृहस्थ ही बाई आपल्याला लुटते आहे असं समजून मनगटावरचं घड्याळ काढायला लागले होते. ओझाना मग बेट दाखवते, पायाखालची फरशी दाखवते, पाण्यात काहीतरी टाकल्यासारखं करते, आणि गावाकडे हात करून त्याला परत पाठवते. जा, एक दगड घेऊन ये. दगड नाही, तर होडी नाही. हसत सांगते, पण मागे हटत नाही. मंत्री आला तरी त्याला परत पाठवील.

आमचं हे बेट देवाने केलेलं नाही. तिथे पूर्वी पाण्याबाहेर डोकावणारा एक खडक होता. त्यावर मातेची तसबीर सापडली, आणि मग पेरास्तची माणसं समुद्रावरून सुखरूप घरी आली की तिथे एकेक दगड टाकायला लागली. जुनी जहाजंसुद्धा दगड भरून बुडवली. टाकता टाकता चर्च उभं राहील एवढी जागा झाली. बाकीच्या गावांना बेटं आयती मिळाली, आम्ही आमचं केलं. हे मी रोज सांगते आणि रोज माझी मान थोडी ताठ होते, त्याला इलाज नाही.

रोज सांगते, कारण माझा धंदाच तो आहे. मी नेदा. शेजारच्या कोतोर बंदराला मोठी जहाजं लागली की त्यातून उतरणाऱ्या सहलीच्या लोकांना मी बसमधून फिरवून आणते. माझ्या हातात काठी असते आणि काठीवर बारा नंबरची पाटी. गावात मला कुणी नेदा म्हणत नाही, "बारा नंबर आली" म्हणतात. माझे लोक छातीवर बारा नंबरचा गोल कागद चिकटवून माझ्यामागे चालतात. चर्च बघतात, एका बाईने स्वतःच्या केसांनी विणलेलं चित्र बघतात, बदामाच्या केकचा तुकडा खातात आणि बसमध्ये येऊन बसतात. यात हसण्यासारखं काही नाही. माझ्या बसमध्ये गुडघे बदललेल्या बायका असतात, जोडीदाराचा हात धरून चालणारी आंधळी माणसं असतात. मी नसते तर त्यांनी हा किनारा जहाजाच्या कठड्यावरूनच बघितला असता.

ओझानाकडे येतात ते दुसरे. जहाजावरून उतरून आपले आपण निघालेले. त्यांच्याकडे पाटी नाही, बाई नाही, फोनवरचा नकाशा आणि उन्हाने लाल झालेलं नाक एवढंच. ते गावच्या साध्या बसने येतात. ती बस त्यांना वरच्या रस्त्यावर सोडते आणि तिथून पायऱ्या उतरून ते धक्क्यावर येतात. आमची सहलीची बस खालच्या रस्त्याने येते, धक्क्याच्या टोकाशी थांबते. वरून येतात ते ओझानाचे आणि खालून येतात ते माझे, हे गावातल्या मांजरांनासुद्धा ठाऊक आहे.

या पायी येणाऱ्यांची एक धास्ती असते. आमच्या सहल कंपनीच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपला आपण फिरणारा चुकला तर जहाज जातं, मागे वळूनही बघत नाही. म्हणून माझे लोक निवांत असतात आणि ओझानाचे सारखे घड्याळ बघतात. ती त्यांना खुणांनी सांगते, "बेट बघ. घड्याळ मी बघते." तिच्या मनगटावर घड्याळ नाही. पण तिच्या होडीत बसलेला कुणी आजवर मागे राहिलेला नाही. परतीची बस आली नाही तर ती मासळीचा टेम्पो अडवते, पाववाल्याची गाडी अडवते. एकदा तर तिने एका नवरा-बायकोला लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाडीत कोंबलं होतं. ते कोतोरला पोचले तेव्हा दोघांच्या कोटाला फुलं लावलेली होती आणि बायको नवरीपेक्षा जास्त रडत होती.

तिने हे काम का धरलं ते सांगायचं तर तिच्या वडिलांपासून सुरुवात करावी लागेल. व्हिस्को कोळी होता. त्याला मुलगा नव्हता. एकच मुलगी, तीही केस पांढरे झाल्यावर झालेली. आमच्याकडे बावीस जुलैला, सूर्य मावळताना, फाशिनादा निघते. गावातल्या घराघरांच्या होड्या दगडांनी भरतात, त्यांना पॉप्लरच्या फांद्या लावतात, एकीला एक दोराने बांधून रांग करतात आणि जुनी गाणी म्हणत बेटाकडे जातात. दगड बेटाच्या कडेला टाकतात आणि परत येतात. होड्यांत फक्त पुरुष असतात. बायका धक्क्यावर उभ्या राहून बघतात. व्हिस्कोची होडी कायम रांगेत तिसरी असायची आणि छोटी ओझाना धक्क्यावरून ओरडून सगळ्यांना सांगायची, "ती आमची, ती हिरवी आमची."

व्हिस्को गेला त्या वर्षी ती होडीत दगड भरून, फांद्या लावून, वल्ही हातात घेऊन रांगेत आली. रांग लावायचं काम बार्बा त्रिपोचं. बार्बा म्हणजे काका. समुद्रावरून म्हातारा होऊन आलेल्या प्रत्येकाला आम्ही बार्बा म्हणतो. त्रिपोने मोठमोठी जहाजं चालवली, सगळी बंदरं पाहिली आणि परत आला तो जायच्या वेळी जसा होता तसाच. त्याने तिच्या होडीचा दोर हातात घेतला नाही.

"पोरी, उतर. मी एक माणूस बसवतो तुझ्या होडीत."

"होडी माझी आहे, बार्बा. वल्ही मीच मारणार."

"फाशिनादाला बायका नसतात."

"का नसतात?"

"का म्हणजे? नसतात." आणि मग रांगेतले लोक ऐकताहेत असं बघून त्याने वर म्हटलं, "बाईने टाकलेला दगड तरंगतो."

सगळी रांग हसली. ओझाना म्हणाली, "मग बरंच आहे की. तुमच्यातला कुणी बुडायला लागला तर धरायला होईल." लोक आणखी हसले, पण दोर कुणी बांधला नाही. रांग तिच्यावाचून गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती एकटी बेटावर गेली आणि सगळे दगड टाकून आली. त्रिपो कॉफी पीत बसला होता त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "तुमचा एक दिवस, बार्बा. बाकीचं वर्ष माझं." तेव्हा ती जवळच्या रिसान गावातल्या हॉटेलात चादरी धुवायची. ते काम तिने सोडलं आणि होडीवर माणसं न्यायला सुरुवात केली. लग्नाचं विचारलं तर म्हणते, एक आला होता, वल्ही उलटी धरायचा.

सुरुवातीला दगड तीच गोळा करायची. मग तिच्या लक्षात आलं की येणाऱ्याने स्वतः शोधून आणलेला दगड तो जपून धरतो, टाकताना थांबतो, कधी डोळे मिटतो. कुणी मेलेल्या आईसाठी टाकत असेल, कुणी सुटलेल्या दारूसाठी. ओझानाला त्यांची भाषा कळत नाही आणि तिला ती कळायला नकोच आहे. दगड पाण्यात गेला की ती एकदा मान हलवते आणि होडी बेटावरच्या चर्चच्या पायऱ्यांना लावते.

दर वर्षी बावीस जुलैला ती होडीला फांद्या लावायची, होडी कडीला तशीच बांधून ठेवायची आणि रांग जाईपर्यंत त्यात बसून राहायची.  पण मला ते बघवायचं नाही. तिला दुसरं काही नको होतं. वडिलांची होडी रांगेत तिसरी जावी आणि वल्ही तिच्या हातात असावीत, एवढंच.

गेल्या वर्षी आमच्या कंपनीला अक्कल सुचली. पायी येणारे दगड टाकतात आणि खूश होऊन तसे फोटो सगळीकडे टाकतात हे साहेबांच्या नजरेला आलं. मग आमच्या सहलीतही दगड टाकणं आलं. प्रत्येक माणसाला एक कापडी पिशवी, तिला निळी दोरी, आत पांढरेशुभ्र गुळगुळीत गोटे. मोठ्या बोटीतून बेटाला फेरी मारायची, मी "आता" म्हटलं की सगळ्यांनी टाकायचे. मी ते वाटत होते. माझ्या लोकांना आवडलंही, खोटं कशाला बोलू.

ओझानाने एक पिशवी हातात घेऊन बघितली. "कुठले गं हे?"

"बागेचं सामान विकणाऱ्या दुकानातले. पोत्याने येतात."

"धुतलेले आहेत?"

"धुतलेले."

तिने एक गोटा तळहातावर वर-खाली केला. "नेदे, याने मांजरसुद्धा पळणार नाही." पिशवी परत दिली आणि माझ्या बसमधली एक म्हातारी उतरताना अडखळत होती तिला हात द्यायला गेली. माझ्या लोकांची ती कधी टिंगल करत नाही. टिंगल आमची, पाटीवाल्यांची.

मग यूगो आला. दक्षिणेकडून येणारा हा वारा दोन-तीन दिवस समुद्र ढवळून काढतो. तो ओसरल्यावर बघतो तर सगळे पांढरे गोटे बेटाच्या पायऱ्यांवर परत येऊन पडलेले, आणि पाद्रीबाबा झाडू घेऊन ते गोळा करताहेत. मला बघून म्हणाले, "नेदा, तुझे यात्रेकरू परत आले." धक्क्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. कंपनीने पिशव्या बंद केल्या. ओझानाचे दगड मात्र तळाला होते ते तळालाच राहिले.

हे दगड तिच्याकडे येणारे लोक कुठून आणतात याचा विचार कुणी केला नव्हता. मीही नाही. डोंगर दगडांचा, रस्ता दगडांचा, गावात दगड काय कमी आहेत?

त्याच वर्षी जुलैच्या सुरुवातीला एक दिवस त्रिपो धक्क्यावर आला तो रोजच्यासारखा कॉफीसाठी नाही. मी माझ्या लोकांना केक खायला सोडून सावलीत उभी होते. तो काठी आपटत सरळ माझ्यावर आला.

"बारा नंबर! तुझ्या माणसांना आवर. चोर आहेत सगळे."

"काय झालं, बार्बा?"

"माझा गडगा कुठे गेला? परसातला दगडी गडगा? मेव्हणीची बकरी आत शिरली, घेवडा खाल्ला, द्राक्षाचा वेल खाल्ला. वर जाऊन बघतो तर गडगा गुडघ्याएवढा! माझ्या आजोबांनी रचलेला, माझ्या डोक्याच्या वर होता तो."

त्रिपोचं घर वरच्या रस्त्याकडून उतरणाऱ्या पायऱ्यांना लागून आहे. परस मागे, उंचावर. गुडघे दुखायला लागल्यापासून तो तिकडे चढतच नव्हता. घर ते कॉफी, कॉफी ते घर. परसाचं सगळं बायकोकडे.

"माझी माणसं पायऱ्या चढत नाहीत, बार्बा," मी म्हटलं. "त्यांना बसची पायरीसुद्धा दोघांनी धरून चढवावी लागते. ती तुमच्या गडग्याचे दगड कशाला पळवतील?"

एवढ्यात पायऱ्यांवरून एक तरुण जोडपं उतरलं. पाठीवर पिशव्या, नाकं लाल, आणि दोघांच्या हातात एकेक चांगला नारळाएवढा दगड. दगडांवर अजून ओलं शेवाळ होतं. ते हसत हसत सगळ्यांच्या मधून गेले, ओझानासमोर उभे राहिले आणि शाबासकी मिळेल अशा चेहऱ्याने दगड पुढे केले. कुणीतरी त्यांना आधीच सांगितलं होतं, दगड लागतो म्हणून. बसमधून उतरलं की समोर पहिला दिसतो तो त्रिपोचा गडगा. सुटे दगड, चुना नाही, सिमेंट नाही, हात घातला की निघतो. रस्त्याच्या कडेला कुणीतरी खास त्यांच्यासाठीच रचून ठेवल्यासारखा.

 त्रिपोने ते दगड ओळखले. मग कॉफीवाला हसायला लागला, मग पाववाली, आणि मग कुणालाच आवरेना. त्या बिचाऱ्या जोडप्याला वाटलं आपलं कौतुक चाललंय, तेही हसायला लागले.

"ओझाना!" त्रिपो म्हणाला. "इतकी वर्षं तू माझं घर समुद्रात टाकते आहेस?"

"मी दगड बघते, बार्बा. कुणाच्या घरचा ते विचारत नाही."

तिला माहीत होतं का? मी नंतर पुष्कळदा विचारलं. दर वेळी ती हेच वाक्य म्हणते आणि वल्ही पुसायला लागते.

त्रिपोची बायको फिलाकाकू पिठाच्या हातांनीच खाली आल्या होत्या. त्याने त्यांनाच धारेवर धरलं. "तू रोज परसात जातेस. तुला दिसलं नाही गडगा कमी होतोय ते?"

"दिसलं की."

"मग बोलली का नाहीस?"

फिलाकाकूंनी हात ॲप्रनला पुसले. "लग्न होऊन आले तेव्हापासून त्या स्वयंपाकघरात उभी आहे मी. खिडकीतून गडगा दिसायचा. आता समुद्र दिसतो. तुम्ही सगळं जग बघून आलात, मला एवढं बघू दे."

यावर हसायचं की नाही हे लोकांना कळेना. त्रिपोलाही कळेना. पुरुषमाणसाला अशा वेळी ओरडण्यासाठी दुसरं कुणीतरी लागतं, तो ओझानाकडे वळला. "माझे दगड मला परत पाहिजेत."

"घेऊन जा. बेटाच्या कडेला आहेत, तळाला. मी होडीने सोडते तुम्हाला." ओझाना उठून उभी राहिली. आतापर्यंत ती होडीतच बसून होती. "पण बार्बा, एक सांगा. तुम्हीच म्हणाला होता ना, बाईने टाकलेला दगड तरंगतो? मग माझ्या होडीतून टाकलेलाही बेटाला लागत नसेल. तसं असेल तर तुमच्या आजोबांचा गडगा फुकट गेला. बकरीने खाल्ल्यासारखा. आणि लागत असेल, तर तुमच्या घराण्याने मातेच्या पायाशी जेवढं टाकलं तेवढं या गावात कुणी टाकलेलं नाही. आता काय ते तुम्ही ठरवा."

मी त्या धक्क्यावर खूप भांडणं पाहिली आहेत. पण माणूस असा दोन्ही बाजूंनी बांधला गेलेला पाहिला नव्हता.  त्रिपोने बेटाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मग काठी उचलून घरी गेला. त्या दिवशी कॉफी प्यायलाच नाही. मला ओझानाचा इतका अभिमान वाटला की मी माझ्या लोकांना पुन्हा एकदा बेटाची गोष्ट सांगितली, आणि या वेळी त्यात तिचं नाव घातलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तिला कळलं नाही कशासाठी.

 त्यानंतर ओझानाने तिच्या लोकांना त्याच्या गडग्याला हात लावू नका असं खुणांनी सांगायला सुरुवात केली, आणि फिलाकाकू खिडकीतून त्यांना हातवारे करून "घ्या, घ्या" म्हणायला लागल्या.

बावीस जुलै उजाडला. त्या दिवशी कोतोरला जहाज होतं आणि माझी बस संध्याकाळची होती. कंपनीने फाशिनादा सहलीत घातली होती, पण रांग निघेपर्यंत थांबायला वेळ ठेवला नव्हता. फांद्या लावलेल्या होड्या बघा, फोटो काढा, चला. ओझानाकडे पायी आलेले सगळे लवकरच धावत बस पकडायला गेले होते. एक मुलगी जाताना रडकुंडीला आली होती, एवढं समोर असून बघायला मिळालं नाही म्हणून. मी माझ्या लोकांना धक्क्याच्या पायरीवर बसवलं आणि ड्रायव्हरला फोन करून सांगितलं, आज उशीर होणार. तो म्हणाला, जहाज? मी म्हटलं, जहाज थांबेल. बारा नंबरसाठी त्याला थांबावंच लागतं. त्या पाटीचा एवढा उपयोग मी आयुष्यात पहिल्यांदा केला.

होड्यांची रांग त्या वर्षी आखूड होती. गावातली तरुण पोरं कुठे आहेत? त्याच मोठ्या जहाजांवर, पांढरे गणवेश घालून. त्रिपोचा मुलगा आंद्रो पण तिकडेच. होड्या होत्या, पण त्यांत बसायला माणसं नव्हती. त्रिपोची स्वतःची होडी किनाऱ्यावर पालथी पडली होती, कारण त्या गुडघ्यांनी त्याला वल्ही मारता येत नव्हती आणि दुसरं कुणी नव्हतं.

ओझाना नेहमीप्रमाणे फांद्या लावून कडीला बांधलेल्या होडीत बसली होती. वर्षभर सांभाळून ठेवलेले दगड पायाशी. आणि मग मी बघितलं, त्रिपो रांग लावता लावता पहिल्या होडीजवळून दुसरीजवळ आला, दुसरीच्या मागचा दोर हातात घेतला आणि ती तिसरीची जागा रिकामी ठेवून, दोर ओढत, काठी टेकत, चर्चच्या पायऱ्यांकडे चालायला लागला. रांगेतले गाणं म्हणणारे एकेक करून थांबले.

तो ओझानाच्या होडीसमोर उभा राहिला.

"कडी सोड," तो म्हणाला.

ती बघत राहिली.

"ऐकू येत नाही का? दोर बांधायचाय. व्हिस्कोची होडी तिसरी असते."

"आणि वल्ही?"

"तुझ्या हातात आहेत ना? मग माझ्या हातात कशाला देतेस? मी पुढे बसतो." तो एक पाय होडीत टाकायला लागला.

ओझानाने त्याच्या हातांकडे बघितलं. एका हातात दोर, एका हातात काठी. तिच्या भुवया वर गेल्या.

"दगड?"

धक्क्यावर माझ्यामागे माझे बारा नंबरवाले बसले होते. त्यांना आमची भाषा येत नव्हती, पण हा एक शब्द आणि त्या भुवया त्यांना कळल्या असाव्यात. 

"अगं, होडी दगडांनीच भरलीय," त्रिपो म्हणाला.

"ते मी जमवलेले. तुमचा कुठे आहे?"

मला वाटलं, झालं. आता काठी आपटेल आणि दोर सोडून देईल. त्रिपोने तिच्याकडे बघितलं, सगळ्या रांगेकडे बघितलं. मग होडीतला पाय परत धक्क्यावर घेतला, दोर कॉफीवाल्याच्या हातात दिला आणि पायऱ्या चढायला लागला. त्या गुडघ्यांनी. सूर्य डोंगराला टेकला होता आणि फाशिनादा सूर्यासाठी थांबत नाही, पण त्या दिवशी ती त्रिपोसाठी थांबली.  पाद्रीबाबांनी एकदा आकाशाकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

तो आला तेव्हा त्याच्याबरोबर फिलाकाकू होत्या. दोघांनी मिळून गडग्याच्या कोपऱ्यातला सगळ्यात खालचा मोठा दगड आणला होता, जो कुठल्याही पायी येणाऱ्याला सहज उपसून काढता आला नसता. काकूंचा ॲप्रन मातीने भरला होता. ओझानाने दगड दोन्ही हातांनी घेतला, होडीत नीट ठेवला आणि त्रिपोला हात दिला.

रांग निघाली. पहिली, दुसरी, आणि तिसरी हिरवी. गाणं पुन्हा सुरू झालं. ओझानाने वडिलांसारखीच लांब लांब वल्ही मारली, घाई नाही, मान ताठ. धक्क्यावर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बायका रडत होत्या आणि मी त्यांना कशाला रडता म्हणून विचारत होते. मी माझ्या लोकांकडे वळले आणि म्हटलं, "ती आमची. ती हिरवी आमची." त्यांना पुढे काही सांगावं लागलं नाही.

बाकीचं मला कॉफीवाल्याने सांगितलं, तो दुसऱ्या होडीत होता. बेटाच्या कडेला आल्यावर पुरुषांनी आपापले दगड टाकायला सुरुवात केली. ओझानाने सगळ्यात आधी त्रिपोचा दगड उचलला. त्याला वाटलं ती तो त्याच्या हातात देईल. तिने दिला नाही. दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला आणि पाण्यात सोडला.

पाणी त्रिपोच्या तोंडावर उडालं. त्याने ते पुसलं नाही. होडीच्या कडेवर हात टेकून तो खाली वाकला आणि दगड दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. मग मागच्या-पुढच्या सगळ्या होड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, जहाजावर हुकूम द्यायचा तसा, म्हणाला, "बुडाला."